थंडीची सवय

पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने शरीरातली उष्णता ओढून घेतं. मालवणला स्कूबा केलेल्या मंडळींना हे कधी जाणवत नाही, कारण तिथला समुद्र कोमट असतो. मी डायव्हिंग शिकलो ते जपानमध्ये, तेही फेब्रुवारीत. नोकरीमुळे टोकियोला राहतो, आणि टोकियोतले बरेच नवशिके डायव्हर जिथे जातात त्या इझू द्वीपकल्पातल्या ओसेझाकीला मीही गेलो. समोर सुरुगा उपसागर, पलीकडे बर्फाने झाकलेला फुजी आणि पाणी जेमतेम १५ अंश.

कोर्सचा बराच वेळ मासे, प्रवाळ वगैरेंपेक्षा ड्रायसूट समजून घेण्यात गेला. हा सूट गळ्याशी आणि मनगटाशी घट्ट बंद होतो. आत पाणी येत नाही. शरीर आणि समुद्र यांच्यामध्ये हवेचा थर राहतो. खाली गेलं की दाबाने तो थर दबतो, म्हणून छातीवरचं बटण दाबून टँकमधली हवा सूटमध्ये सोडायची. वर येताना तीच हवा फुगते, म्हणून ती बाहेर काढायची. हे सगळं शिकताना मला एकच प्रश्न पडत होता. हे काहीच नव्हतं तेव्हा इथले लोक पाण्यात कसे उतरत होते?

उतरत होते, हे नक्की. तिसऱ्या शतकातल्या एका चिनी इतिहासग्रंथात जपानच्या किनाऱ्यावरच्या लोकांचं वर्णन आहे. पाणी उथळ असो की खोल, ते बुडी मारून मासे आणि अबालोन नावाचे शिंपले काढतात, असं त्यात लिहिलंय. पुढे हे काम मुख्यतः बायकांचं झालं. त्यांना ‘आमा’ म्हणतात. लिहिताना ‘समुद्र’ आणि ‘स्त्री’ ही दोन अक्षरं वापरतात.

आमांकडे टँक नसतो. एका दमात खाली जायचं, साधारण मिनिटभरात वर यायचं, आणि ओठांतून शीळ घातल्यासारखा श्वास सोडायचा. या आवाजाला ‘इसोबुए’ म्हणतात, म्हणजे किनाऱ्याची शीळ. काही जणी किनाऱ्यावरून पोहत जातात. काही जणी नवऱ्याबरोबर नावेतून जातात, वजन धरून झटकन तळ गाठतात, आणि नवरा त्यांना दोरीने वर ओढतो. एकेकाळी या बायका कमरेच्या वस्त्रावरच पाण्यात उतरत. किनाऱ्यावरच्या झोपडीत शेकोटी पेटलेली असे. अंग शेकायचं आणि पुन्हा पाण्यात जायचं.

यंत्रानेही इथे लवकर हात लावला होता. १९१८ मध्ये ओगुशी आणि वातानाबे यांच्या श्वसनयंत्राचं पेटंट निघालं. डोळे आणि नाक झाकणारा मुखवटा, आणि दातांनी चावलं की हवा सोडणारी झडप. भूमध्य समुद्रात १९१५ मध्ये पाणबुडीने बुडवलेल्या ‘यासाका मारू’ जहाजातलं सोनं जपानी पाणबुड्यांनी १९२५ मध्ये याच यंत्राने बाहेर काढलं. कूस्तो आणि गान्याँ यांचा अॅक्वालंग आला तो १९४३ मध्ये. म्हणजे श्वासाचा प्रश्न बराचसा सुटत आला होता, थंडीचा मात्र बाकी होता.

तो सोडवला बुडबुड्यांनी. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने सूटसाठी निओप्रीन वापरलं. हा वायूचे बारीक बुडबुडे अडकलेला रबर. अंग ओलं झालं तरी चालतं, ऊब त्या बुडबुड्यांमुळे टिकते, हे त्याने ओळखलं. १९६० च्या दशकात वेटसूट आमांच्या गावांत पोहोचला.

त्याच सुमारास संशोधकही पोहोचले. हरमन रान आणि सुक की होंग हे त्यांतले प्रमुख. आमांवर १९६५ मध्ये टोकियोत एक परिषदही झाली. कोरियात याच कामाच्या बायकांना ‘हेन्यो’ म्हणतात, आणि त्या तेव्हा साध्या सुती कपड्यांत १० अंशांच्या पाण्यात उतरत. संशोधकांना दिसलं की हिवाळ्यात त्यांच्या शरीराचा चयापचय उन्हाळ्यापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. इतरांना कापरं भरेल अशा थंडीत त्या कापतही नसत. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी वेटसूट घातले. पुन्हा मोजमाप झालं, तेव्हा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ही क्षमता जवळपास नाहीशी झाली होती. शरीराने कमावलेली गोष्ट काही वर्षांत गेली.

यात हळहळण्यासारखं फारसं नाही. कुणाच्या आजीने गारठत काम करावं, अशी इच्छा मी का धरावी? पण वेटसूटमुळे दुसरा धोका आला. पाण्यात तासन्‌तास राहता आलं की जास्त शिंपले निघतात. आमांच्या गावांनी हे ओळखलं. अनेक ठिकाणी कामाचे दिवस आणि तास ठरवले गेले. काही ठिकाणी वेटसूटवरच मर्यादा आल्या. मिए प्रांतात १०.६ सेंटिमीटरपेक्षा लहान अबालोन परत समुद्रात सोडावा लागतो. टँक घेऊन शिंपले काढायला तर जवळपास सगळीकडेच मनाई आहे. माझ्यासारखा शिकाऊ टँक लावून चाळीस मिनिटं खाली फिरतो, पण तळाचा एक शिंपला उचलायची मुभा त्याला नाही. हात लावायचा नाही, हा नियम मला पहिल्याच दिवशी सांगितला गेला.

एवढं जपूनही आमा कमी होत चालल्या आहेत. १९५६ मध्ये जपानभर त्यांची संख्या १७ हजारांहून अधिक होती, २०१० मध्ये ती दोन हजारांच्या आसपास आली. मुली शहरात गेल्या, हे एक कारण. दुसरं कारण खुद्द पाण्यात आहे. अबालोन ‘आरामे’ आणि ‘काजिमे’ या मोठ्या समुद्री वनस्पती खाऊन वाढतो, आणि या वनस्पतींना थंड पाणी लागतं. २०१७ मध्ये कुरोशिओ या उष्ण प्रवाहाने मोठं वळण घेतलं आणि तोकाई किनाऱ्यालगतचं पाणी तापलं. ही जंगलं विरळ होत गेली. खडक उघडे पडले की जपानी लोक त्याला ‘इसोयाके’ म्हणतात, म्हणजे जळालेला किनारा.

ज्या थंडीपासून वाचायला मी दोन दिवस बटणं दाबायला शिकलो, त्याच थंडीवर ही सगळी वस्ती उभी होती. फेब्रुवारीतल्या ओसेझाकीत पाणी बोचतं तेव्हा मला आता बरं वाटतं. पुढच्या हिवाळ्यातही ते असंच बोचावं, एवढीच इच्छा आहे.