धाप आणि दवंडी

मंडळी, पाऊस पडून गेला की आपल्या बीड जिल्ह्यात बांधावर, पडिकात, रस्त्याच्या कडेला गाजरगवत पांढरे फुलते. खुरपायला गेलेल्या एखाद्या बाईला शिंका सुटतात, डोळे चुरचुरतात. रात्री छाती भरून येते आणि श्वासाबरोबर सूं-सूं आवाज येतो. घरचे म्हणतात, "गवत बाधलं." पण शेजारच्या पातीवरची बाई त्याच गवतात दिवसभर खुरपते, तिला काहीच कसं होत नाही? मग दोष गवताचा की देहाचा? या प्रश्नाचा छडा लावायला माणसाला शंभराहून अधिक वर्षे लागली. तीच हकीकत आज सांगतो.

दमा काही नवा नाही. चरकसंहितेत 'तमकश्वास' म्हणून त्याचे वर्णन आहे. बसले की बरे वाटते, ढगाळ हवा आणि गारठा बाधतो, हे त्या वैद्यांनी नेमके टिपले होते. गाजरगवत मात्र अलीकडचे. ते मूळचे अमेरिका खंडातले. पुण्यात आढळलेल्या या तणाची नोंद राव या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५६ साली प्रसिद्ध केली. पुढे ते देशभर पसरले.

फुलांचे पराग माणसाला बाधतात, हे इंग्लंडातल्या मँचेस्टरच्या डॉक्टर ब्लॅकली यांनी १८७३ साली ग्रंथ लिहून दाखवले. त्यांना स्वतःलाच तो त्रास होता. उंचावरच्या हवेत पराग असतात का, हे पाहायला त्यांनी चिकट काचा बांधून पतंग उडवले! १९०६ साली व्हिएन्नाच्या पिर्के यांनी 'अ‍ॅलर्जी' हा शब्द दिला. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत काम करणारे जपानी दांपत्य इशिझाका आणि स्वीडनचे योहान्सन व बेनिक यांना, वेगवेगळे काम करताना, रक्तातले 'आय-जी-ई' हे प्रथिन सापडले. अ‍ॅलर्जीवाल्या माणसात तेच परागाला ओळखून धरते.

पण हे आय-जी-ई बनवायचा हुकूम कोण देतो? इथे गावचा कोतवाल आठवा. तो स्वतः लढत नाही, दवंडी पिटतो. ती ऐकून गाव धावते. शरीरातल्या पेशीही अशीच दवंडी देतात, फक्त ढोलाऐवजी बारीक प्रथिने सोडतात. त्यांतल्या काहींना १९७९ साली 'इंटरल्यूकिन' हे नाव मिळाले. १९८६ साली मॉसमन आणि कॉफमन यांनी उंदरांच्या पेशींवरून दाखवले, की दवंडी देणाऱ्या पेशींत दोन जाती आहेत. त्यांतली एक जात अ‍ॅलर्जीच्या कामाची निघाली.

तिच्या तीन दवंड्या लक्षात ठेवा. चौथ्या क्रमांकाचे इंटरल्यूकिन म्हणते, "आय-जी-ई बनवा." पाचव्या क्रमांकाचे इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढवते आणि जगवते. तेराव्या क्रमांकाचे श्वासनळीत चिकट कफ वाढवते, नळी हळवी करते. पराग म्हणजे साधा पाहुणा. पण दवंडी झाली 'दरोडा पडला' अशी! गाव लाठ्या घेऊन धावले आणि आपलीच घरे मोडून बसले. पाहुणा गेला तरी मोडतोड उरते. म्हणून गवत सुकल्यावरही नळीची सूज राहू शकते. शेजारणीच्या शरीरात ही चुकीची दवंडी होत नाही, एवढाच फरक.

आता तुम्ही म्हणाल, हे ऐकून आम्हाला काय उपयोग? उपयोग असा. धाप लागल्यावर तात्पुरता आराम देणारे औषध नळी मोकळी करते, पण दवंडी थांबवत नाही. डॉक्टर रोज ओढायला देतात तो सूज उतरवणारा पंप ती दवंडी दाबतो. "पंपाची सवय लागते" म्हणून बरे वाटताच तो सोडला, की पुन्हा गाव उठते. पाचव्या दवंडीलाच अडवणारे औषधही निघाले. अमेरिकेत त्याला २०१५ साली मान्यता मिळाली. ते गंभीर दम्याच्या काही निवडक रोग्यांसाठी, आणि महाग आहे. साधा पंप मात्र बहुतेकांना पुरतो.

गुरुजी, कवायतीत एखादे पोर धापा टाकत खाली बसले, तर "नाटक करतोस" म्हणू नका. आणि मंडळी, लेकीचा दमा लग्न मोडेल म्हणून लपवू नका. गवत फुलायच्या आत, हात आणि तोंड झाकून उपटा. ज्यांना ते बाधते त्यांनी त्या कामाला जाऊच नये. दोष गवताचा आहे, देहाचाही आहे. त्या बाईचा मात्र नाही.