हजेरीचे गाणे आणि चंद्याची पावती

मिरजेच्या उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो, हे आपल्या बऱ्याच वाचकांना ठाऊक आहे. पण त्याच दर्ग्याच्या आवारात, चिंचेच्या झाडाखाली, त्याच दिवसांत शास्त्रीय गायनाची मैफल रंगते, हे आमच्या उर्दू शाळांतील किती मुलांना माहीत असेल? ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यातील ही संगीतसभा उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ भरते. गवई बिदागी घेत नाहीत, ऐकणाऱ्याला तिकीट नाही. याला 'हजेरी' म्हणतात. शब्द आपलाच आहे.

खाँसाहेब १८७२ चे, उत्तरेतील किराणा गावचे. बडोद्याची दरबारी चाकरी सोडून ते मुंबईकडे आले आणि पुढे मिरजेचेच झाले. उरुसाला ते मीरासाहेबांपुढे गात. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडेचरीला जाताना सिंगापेरुमाळ कोइल स्थानकावर त्यांचा इंतकाल झाला. दफन मात्र मिरजेत, याच दर्ग्यात.

आम्हाला इथे त्यांच्या गळ्यापेक्षा त्यांच्या खिशाविषयी लिहायचे आहे. १९१३ साली त्यांनी बेळगावात आर्य संगीत विद्यालय काढले, पुढे ते पुण्यात नेले. शिष्य तिथेच राहत, तिथेच जेवत. हा सारा संसार खाँसाहेबांच्या जलशांवर चाले. जलसा झाला तर चूल पेटणार. (टिपू नावाच्या कुत्र्याला सुरात सूर लावायला शिकवून त्यांनी लोकांसमोर आणले होते. लोक हसले असतील, पण आले खरे!) एका माणसाच्या कमाईवर उभी राहिलेली संस्था किती दिवस टिकणार? पं. विष्णु दिगंबर पलुसकर, मिरजेतच बाळकृष्णबुवांकडे शिकलेले, त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले ते संस्थानिकाच्या नव्हे, लोकांच्या पैशावर. तेही पुढे मुंबईत इमारतीच्या कर्जाखाली दबले आणि १९२४ मध्ये लिलावाची पाळी आली. दरबार आटत होते आणि सामान्य श्रोत्याला अजून देण्याची सवय लागलेली नव्हती.

पुण्यात ती सवय लागली. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले आणि १९५३ पासून पं. भीमसेन जोशींनी त्यांच्या नावाने महोत्सव सुरू केला. आज तिथे तिकिटे आहेत, प्रायोजक आहेत. त्यात वाईट काहीच नाही. मिरजेने मात्र वेगळी रीत ठेवली. इथे पहिला दानशूर गवईच असतो, कारण आपली बिदागी तोच सोडून देतो. पण त्यामुळे कार्यक्रम फुकट होतो असे समजणे हा भाबडेपणा आहे. मांडव, दिवे, ध्वनिक्षेपक फुकट येत नाहीत.

संगीत जायज की नाजायज, या वादात आम्ही शिरत नाही. तो आलिमांचा प्रांत. पण किराणा घराण्याचा उस्ताद आपला म्हणून छाती फुगवायची आणि पावतीपुस्तक समोर आले की 'हे आमचे काम नव्हे' म्हणायचे, हे दोन्ही एकाच तोंडाने कसे जमते? मुशायऱ्याला चंदा जमतो, कव्वालीला तर न मागता जमतो. ख्यालाला मात्र हात आखडतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतील कारागिरांचे पूर्वज हत्यारे घडवणारे शिकलगार होते. त्यांच्या पिढ्यांनी देशभरच्या गवयांना तंबोरे पुरवले आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे गाणारा आपला, वाद्य आपले, जागाही आपली. राहिले ते तबलजी-पेटीवाल्यांचे गाडीभाडे, पाहुण्यांचे दोन वेळचे जेवण, रात्री तीन वाजताचा चहा. एवढ्यापुरती पावती फाडायला मोठा शेठ लागत नाही. दहा घरांतून शंभर-शंभर रुपये निघाले तरी एका साथीदाराचे जाणे-येणे होते.