बिल्टीवरची बारीक अक्षरं आणि १८६५ चा कायदा

नाशिक रोडवरून रोज किती माल बाहेर जातो! द्राक्षं, कांदा, सिन्नरच्या कारखान्यांचे सुटे भाग. गाडी भरली की हातात बिल्टी पडते. तिच्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं, 'माल मालकाच्या जबाबदारीवर'. मी विचारलं तर बहुतेक जण म्हणतात, "मग आता काय करणार?" म्हणून जरा मागे जाऊ.

१८६५ साली थळ घाटातली रेल्वे सुरू झाली आणि मुंबईची गाडी सलग आपल्याकडे येऊ लागली. त्याच साली इंग्रज सरकारने 'कॅरियर्स अ‍ॅक्ट' केला. भाडं घेऊन कुणाचाही माल नेणाऱ्यासाठी हा कायदा. त्यातलं तत्त्व साधं होतं. माल एकदा दुसऱ्याच्या ताब्यात गेला की वाटेत काय घडलं हे मालकाला कुठून कळणार? म्हणून नुकसान झाल्यास वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करायचं ओझं मालकावर टाकलंच नाही. सही घेऊन जबाबदारी कमी करता येत होती, पण स्वतःच्या हलगर्जीपणातून सुटता येत नव्हतं. २००० साली सुप्रीम कोर्टानेही 'मालकाच्या जबाबदारीवर' या शब्दांबद्दल हेच सांगितलं.

बैलगाडीच्या काळातला हा कायदा ट्रकच्या जमान्यातही चालू राहिला. मग २००७ चा नवा कायदा आला, लागू झाला १ मार्च २०११ पासून. वाहतूकदाराची नोंदणी सक्तीची झाली. बुकिंग एजंट, दलाल, कुरियरही त्यात आले. निष्काळजीपणा सिद्ध करायची गरज आजही नाही. पण एक मोठा फरक पडला. भरपाईला मर्यादा आली, साधारणपणे भाड्याच्या १० पट.

समजा भाडं ४,००० आणि माल ३ लाखांचा. माल गेला तर हातात येणार जास्तीत जास्त ४०,०००! पूर्ण संरक्षण हवं तर बुकिंगच्या वेळीच जादा जोखमीचा दर भरायला लागतो. हे सांगतं कोण?

म्हणून तीन गोष्टी. बुकिंगच्या कागदावर मालाची खरी किंमत लिहा. जादा जोखमीचा दर किती, ते विचारा, नाहीतर विमा काढा. आणि नुकसान झालं तर बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्या. फोनवरची भांडणं कोर्टात चालत नाहीत.

आपल्या शेतकरी आणि छोट्या कारखानदार मित्रांपर्यंत हे नक्की पोचवा.