पहिला चहा कोण पिणार? गंगाराम कांबळे यांचं हॉटेल आणि आमचं बेगलचं दुकान

आजचा भाग एका एक्सेल शीटपासून सुरू होतो.

मागच्या महिन्यात मी आणि माझ्या बीटेकच्या रूममेटनं एक खूळ डोक्यात घेतलं. कोल्हापुरात बेगलचं छोटं दुकान काढायचं. बेगल म्हणजे मैद्याची जाड कडी, मधे भोक असलेली. आधी उकळत्या पाण्यात टाकून काढायची, मग भट्टीत भाजायची. म्हणून ती वरून चकचकीत आणि आतून चिवट लागते.

बजेट चार लाख. राजारामपुरीतल्या गाळ्याचं डिपॉझिट, कणीक मळायचं मशीन, फ्रीजर, सगळं शीटमध्ये मांडलं. ओव्हन परवडेना, म्हणून ओळखीच्या बेकरीची भट्टी दुपारी रिकामी असते ती भाड्यानं घ्यायची ठरवली. सगळ्या ओळींपुढं आकडे पडले. एकच ओळ रिकामी राहिली : पहिलं गिऱ्हाईक. रूममेट म्हणाला, "भावा, कोल्हापूरचा माणूस मिसळ सोडून ही कडी खायला का येईल?"

तेव्हा मला गंगाराम कांबळे आठवले.

गंगाराम राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत कामाला होते. महार समाजातले. एकदा त्यांचा हात वरच्या जातींसाठी राखलेल्या पाण्याच्या हौदाला लागला. एवढ्यावरून तिथल्याच लोकांनी त्यांना बेदम मारलं. गंगाराम सोनतळी कॅम्पवर महाराजांकडं गेले आणि पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. पण गंगाराम पुन्हा त्याच पागेत गेले असते तर रोज त्याच लोकांत वावरायचं होतं. म्हणून महाराजांनी त्यांना नोकरीतून मोकळं केलं आणि स्वतःचा धंदा काढायला पैसे दिले.

गंगाराम यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल टाकलं. नाव ठेवलं 'सत्यसुधारक'. जागा भर वस्तीत. भांडवल होतं, माल होता, स्वच्छता होती. पण महाराच्या हातचा चहा प्यायचा कुणी? सवर्ण गिऱ्हाईक तिकडं फिरकेना.

आता बघा, १९१९ मध्ये शाहू महाराजांनी हुकूम काढले होते, की सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अशा ठिकाणी अस्पृश्यता पाळायची नाही. विहीर हुकमानं खुली करता येते. पण अमक्याच्या हॉटेलात जाऊन चहा प्या, असा हुकूम कुठला राजा काढणार?

मग महाराजांनी काय केलं, तर स्वतःच गिऱ्हाईक झाले. फिरायला निघाले की हॉटेलासमोर गाडी थांबवायची, गंगाराम यांना हाक मारून चहा मागवायचा. स्वतः प्यायचा आणि गाडीतल्या उच्चवर्णीय मंडळींनाही द्यायचा. राजा पितोय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? कुणी सहीसाठी कागद घेऊन आलं, तर त्याला या हॉटेलातच बोलवायचं. आधी चहा, मग सही, असंही सांगतात.

पुढं महाराजांनी सोडावॉटरचं मशीनही घेऊन दिलं. ज्या माणसानं पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून मार खाल्ला, तोच आता गावाला सोडा पाजत होता!

एक आठवण मला फार आवडते. महाराजांनी गंगाराम यांना विचारलं, की दुकानावर जातीची पाटी का लावली नाहीस? गंगाराम यांचं उत्तर असं, की बाकीच्यांच्या दुकानावर कुठं जातीची पाटी आहे? राजासमोर हे बोलायला छाती लागते. महाराजांची साथ मोठीच, पण रोज सकाळी ते दार उघडून बसायची हिंमत गंगाराम यांची स्वतःची होती.

आणि गंमत म्हणजे बेगलच्या इतिहासातही हाच प्रश्न आहे. बेगल पोलंडमधल्या ज्यू लोकांचा. क्राको शहरातल्या ज्यू समाजाच्या नियमांत १६१० सालीच त्याचा उल्लेख आहे. त्याच्याही आधी, १२६७ साली, आज पोलंडमध्ये असलेल्या ब्रेस्लाउ शहरात ख्रिस्ती धर्मसभा भरली होती. ज्यूंकडून खायच्या वस्तू विकत घेऊ नका, विष घालतील, असं तिनं ख्रिश्चनांना बजावलं. आज तोच बेगल न्यूयॉर्कमध्ये नाक्यानाक्यावर मिळतो.

आपल्याला वाटेल, जुन्या गोष्टी झाल्या. पण माझ्या आजोळी गड्यांचा कप वेगळा असायचा, बाहेरच्या कोनाड्यात पालथा घातलेला. मी तो बघितलाय. लहानपणी त्याला हात लावल्यावर बोलणीही खाल्लीत. आणि तेव्हा 'का?' असं मी विचारलं नाही.

म्हणून आमच्या अडचणीला मी आता अडचण म्हणत नाही. आमचं दुकान चाललं नाही, तर चार लाख जातील, आम्ही परत लॅपटॉप उघडू. आमचा बेगल लोकांना आवडणार नाही, इतकंच होईल. आमच्या हातचं खायला कुणी नकार देणार नाही. ही सवलत आम्हाला जन्मानं फुकट मिळालीय, आणि ती शीटमध्ये कुठंच लिहिलेली नव्हती.

दुकानाचं अजून नक्की नाही. पण शीटमध्ये एक ओळ वाढवलीय : दर आठवड्याला एका नव्या छोट्या दुकानात जायचं, पैसे देऊन खायचं, आणि चार लोकांना सोबत न्यायचं. बजेट, दोनशे रुपये. तुमच्या गल्लीत असं कुठलं दुकान गिऱ्हाइकाची वाट बघतंय?

भेटू पुढच्या भागात. तोवर, चहा प्या!