पिशवीत काय आहे, त्यावरून रस्ता कळतो

दिवाळी होऊन थंडी पडली की आपल्याकडेही सायकलवरून लांब जाणारे दिसू लागतात. कुणी पंढरपूर, कुणी गोवा, कुणी थेट कन्याकुमारी. निघायच्या आधी आठ दिवस एकच चर्चा. सामान काय घ्यायचं? कपडे किती जोड, ट्यूब किती, पंप कुठला?

असल्या याद्या वाचता वाचता मला नाद लागला, जुन्या लोकांनी काय नेलं होतं ते शोधायचा. त्यातून जे हाती लागलं ते सायकलवाल्यांपुरतं नाही, म्हणून इथे लिहितोय. सायकलवाल्याची पिशवी म्हणजे त्या काळच्या रस्त्याचा पंचनामा असतो. वाटेत जे मिळणार नाही, तेच माणूस सोबत घेतो.

सुरुवात थॉमस स्टीव्हन्सपासून करू. सायकलवर जगप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस. २२ एप्रिल १८८४ ला सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला. सायकल कसली, तर पुढचं चाक ५० इंची आणि मागचं टीचभर. कॅरियर नाहीच. सगळं सामान हँडलला बांधलेल्या एका पिशवीत : मोजे, जादा शर्ट, एक रेनकोट आणि खिशात मावेल असं पिस्तूल. रेनकोटच त्याचा तंबू आणि तोच बिछाना. पंक्चरचं सामान नव्हतं, कारण टायर भरीव रबराचा. हवेचा डनलॉप टायर आला १८८८ मध्ये. पंक्चर ही भानगड तेव्हापासूनची.

पुढच्या वर्षी स्टीव्हन्स इस्तंबूलला पोचला. पुढे वाटेत लुटारू आहेत असं कानावर आलं. तेव्हा त्याने जादा स्पोक घेतले आणि आधीपेक्षा चांगलं पिस्तूल घेतलं. रस्ता बदलला तशी पिशवी बदलली.

अफगाणिस्तानात त्याला अडवून परत पाठवलं. मग बोटीने वळसा घालून तो कराचीला आला, तिथून रेल्वेने लाहोर आणि लाहोरहून सायकलवर कलकत्ता. साल १८८६, तेही ऐन पावसाळ्यात. उकाड्याने जीव गेला, पण ग्रँड ट्रंक रोडचं त्याने तोंडभरून कौतुक केलंय. सपाट रस्ता, दुतर्फा झाडं, ठरावीक अंतरावर डाक बंगला. आता बघा, पावणेदोनशे सामान नेण्याची गरजच कुठे राहिली? सावली रस्त्यालाच होती, छप्परही होतं. त्यामुळे पिशवी हलकीच राहिली.

दुसरी गोष्ट अमेरिकी लष्कराची. सायकलवर फौज नेता येते का हे तपासायला १४ जून १८९७ ला मोंटाना राज्यातल्या फोर्ट मिझूलाहून २५ व्या इन्फंट्रीचे २० काळे सैनिक निघाले. सोबत लेफ्टनंट जेम्स मॉस, एक डॉक्टर आणि आमच्या धंद्यातला एक कोवळा वार्ताहर. जायचं होतं सेंट लुईसला, १,९०० मैल. त्यांची बांधणी आजच्या सायकलवाल्यांनीही बघण्यासारखी आहे. हँडलवर घोंगडी आणि अर्ध्या तंबूची वळकटी. म्हणजे दोघांचं मिळून एक तंबू. फ्रेमच्या तिकोनात पेटी, तिच्यात शिधा. आज हजारो रुपयांना मिळते ती फ्रेम बॅग म्हणजे हीच. सामानासकट सायकल साधारण २७ किलो. शिवाय बंदूक आणि ५० काडतुसं. शिधा दोन दिवसांचा, पुढचा रेल्वेने आधीच ठिकठिकाणी पाठवलेला.

एवढी तयारी, पण घात केला पाण्याने. नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत सायकल चालेना, म्हणून ते रेल्वे रुळांवरून गेले. तिथलं खारट पाणी पिऊन अनेकजण आजारी पडले, खुद्द मॉसही पडला. पुढे मिसूरीत लोकांनी स्वागत थंडच केलं, काही शेतकऱ्यांनी काळ्या सैनिकांना मुक्कामाला जागाही दिली नाही. तरी २४ जुलैला ते सेंट लुईसला पोचले. पिण्यालायक पाणी आणि माणुसकी, या दोन गोष्टी कुठल्याच यादीत लिहिता येत नाहीत. त्या रस्त्यालाच असाव्या लागतात.

तिसरी बाई. ॲनी कोहेन कोपचोव्स्की, तीन लेकरांची आई. जून १८९४ मध्ये बोस्टनहून निघाली. लंडनडेरी नावाच्या पाण्याच्या कंपनीने १०० डॉलर देऊन सायकलवर पाटी लावली आणि तिचं आडनावही बदललं : ॲनी लंडनडेरी! प्रायोजकाचा लोगो आजचा शोध नाही. सामान म्हणजे एक जोड कपडे आणि पिस्तूल. पण खरं ओझं पिशवीत नव्हतंच, अंगावर होतं. लांब घागरा, आवळलेला पोशाख आणि ४२ पौंडांची बायकी सायकल. शिकागोला पोचेपर्यंत तिची उमेद संपत आली होती. तिथे तिने निम्म्या वजनाची पुरुषी सायकल घेतली, घागरा सोडला, पुढे चक्क पाटलोणीवर आली आणि वर्षभरात फेरी पुरी केली. बऱ्याच वाटा तिने बोटीनेच कापल्या आणि तिच्या गप्पांत मीठमसाला भरपूर होता, तो भाग वेगळा. पण काय टाकून द्यावं, हेसुद्धा तयारीत येतं. आणि बाईला ते टाकायला समाजाची परवानगी लागते.

आता आपल्या मुंबईची गोष्ट. १५ ऑक्टोबर १९२३ ला बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण जगाच्या फेरीला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला आणि नरिमन कापडिया. पंजाब, बलुचिस्तान, इराण, बगदादहून वाळवंट तुडवत अलेप्पो, मग युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन आणि ब्रह्मदेशातून परत. साडेचार वर्षं आणि सुमारे ७१,००० किलोमीटर. १८ मार्च १९२८ ला मुंबईत परतले ते तिघे : हकीम, बापासोला आणि भुमगरा. त्यांच्या पुस्तकाला पुढे जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना लाभली.

स्टीव्हन्सच्या आणि यांच्या सामानात एक मोठा फरक होता. कागद. पहिल्या महायुद्धाआधी बऱ्याच देशांत पासपोर्ट कुणी फारसा विचारत नसे. युद्धानंतर तो सक्तीचा झाला. आपल्याकडेही १९२० मध्ये त्याचा कायदा आला. म्हणजे ही पोरं निघाली ती ब्रिटिशांची प्रजा म्हणून, साहेबाच्या सरकारचा पासपोर्ट घेऊन. स्वतःच्या देशाचा कागद पिशवीत नव्हता, कारण तो देशच अजून व्हायचा होता. तरी जगाने त्यांना हिंदी तरुण म्हणूनच ओळखलं.

आता आजची यादी काढा. तंबू नाही, शिधा नाही, नकाशा नाही. मोबाईलमध्ये वाट आहे, पैसे आहेत, मुक्कामही आहे. दर दहा-वीस किलोमीटरवर ढाबा आहे. हे आपण कमावलं आणि ते कबूल केलं पाहिजे. मग पिशवीत नवीन काय आलं? हेल्मेट. चमकणारं जॅकेट. मागे लुकलुकणारा लाल दिवा. हँडलला आरसा. स्टीव्हन्सला लुटारूंची भीती होती म्हणून पिस्तूल. आपल्याला मागून येणाऱ्या गाडीची भीती आहे म्हणून आरसा.

आणि पाण्याच्या दोन-दोन बाटल्या. पूर्वी गावोगाव पाणपोई असायची, माठाला ओलं फडकं गुंडाळलेलं, शेजारी वगराळं. आता बाटली विकत घ्या. रस्ता रुंद झाला, वड-चिंच गेली, म्हणून सनस्क्रीन आलं. आळीतलं सायकल दुरुस्तीचं दुकान बंद झालं, म्हणून हत्यारांचा संच आला.

हौशी सायकलवाला हे सगळं विकत घेऊ शकतो. दोन-चार हजार टाकले की काम झालं. पण त्याच रस्त्यावरून सकाळी सातला शाळेत जाणारी पोरगी बघा. मानव विकास कार्यक्रमातून सरकारने तिला सायकल दिली, चांगलं केलं. तिच्या पाठीवर दप्तर आहे, दिवा नाही, आरसा नाही. एमआयडीसीतून रात्रपाळी करून येणाऱ्याच्या हँडलला फक्त जेवणाचा डबा असतो. त्यांच्या पिशवीत जे नाही, ते रस्त्याने द्यायला हवं. डांबराच्या कडेला सायकल चालेल एवढी सपाट पट्टी. दुभाजक तोडून केलेल्या जागेवर दिवा. स्टँडजवळ चालू असलेला एक नळ. चार झाडं. यातलं काहीच जगावेगळं नाही. सावली आणि छप्पर १८८६ साली परक्या सरकारच्या रस्त्यावर एका परक्या सायकलवाल्यालाही मिळालं होतं.

रस्त्याच्या कामाचं उद्घाटन होतं तेव्हा किती पदरी, किती कोटी हे सांगतात. पुढच्या वेळी कुणी बोलवलं तर सायकलवाल्याची पिशवी उघडून बघा म्हणावं. रस्त्यात काय राहिलंय, ते तिथे लिहिलेलं असतं.

तुमच्या पोरांच्या शाळेच्या वाटेवर सायकलला सगळ्यात धोक्याची जागा कुठली, ते खाली लिहा. नीट खुणेसकट लिहा : पूल, वळण, फाटा. यादी तयार झाली की निवेदन मी करतो, पण सह्यांना तुम्ही यायचं.