माग शिकवणारी शाळा

राण्यांच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. आज ऐकू या एका शाळा काढणाऱ्या बाईची गोष्ट. ही बाई इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरची. त्या देशात मुलांनी गुरूपाशी राहून इस्लाम धर्माचं शिक्षण घ्यायचं, अशी निवासी शाळांची जुनी परंपरा आहे.

बाईंचं नाव रहमा अल-युनुसिया. जन्म 1900 चा, गाव पडांग पांजांग. त्यांच्या मिनांगकाबाऊ समाजात घर आणि जमीन आईकडून मुलीकडे जाते. तरीही शाळेत मुलीच मागे होत्या. रहमाबाईंचं लग्न लहान वयात झालं आणि 1922 मध्ये मोडलं. माहेरी बसून न राहता 1 नोव्हेंबर 1923 ला त्यांनी फक्त मुलींसाठी ‘दिनिया पुत्री’ ही शाळा सुरू केली. जागा मशिदीतली. पहिल्या 71 विद्यार्थिनींत बऱ्याचजणी संसारी बायका होत्या. पुढे शाळेला वसतिगृह जोडलं गेलं.

मोठ्या बायकांसाठी त्यांनी साक्षरतेचा वेगळा वर्गही काढला होता. त्याच्या नावाचा अर्थ होता ‘हळहळ’: लहानपणी शिकायचं राहिलं, त्याची हळहळ! पण जून 1926 मध्ये मोठा भूकंप झाला. शाळेची इमारत पडली, तो वर्गही बंद पडला. रहमाबाईंनी बांबूच्या खोल्या उभ्या करून मुलींची शाळा चालू ठेवली आणि गावोगाव फिरून देणग्या जमवल्या.

त्या काळी राज्य डचांचं. सरकारने अनुदान देऊ केलं, पण रहमाबाईंनी ते घेतलं नाही. सरकारचा पैसा आला की काय शिकवायचं तेही सरकारच ठरवणार, हे त्यांना ठाऊक होतं.

पण नुसतं ‘नको’ म्हणून शाळा चालत नाही आणि मुलींचं पोटही भरत नाही. म्हणून त्या स्वतः माग चालवायला शिकल्या आणि मुलींना विणकाम शिकवू लागल्या. धर्म, अरबी भाषा आणि हातमाग एकाच छपराखाली! शिकलेली बाई स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. 1955 मध्ये इजिप्तच्या अल-अझहर विद्यापीठाचे प्रमुख ही शाळा पाहायला आले. पुढे त्या विद्यापीठानेही मुलींसाठी वेगळा विभाग काढला.

इंडोनेशियातल्या इतर निवासी शाळाही हळूहळू उद्योगाकडे वळल्या. जावा बेटावरच्या सिदोगिरी इथल्या जुन्या शाळेने 1961 मध्ये सहकारी संस्था काढली. 2019 च्या कायद्याने तर धर्मशिक्षणाबरोबर आसपासच्या लोकांना सक्षम करणं हेही अशा शाळांचं काम मानलं.

मैत्रिणींनो, आपल्याकडेही शिवणकामाचं, पापड-मसाल्याचं प्रशिक्षण होतं. प्रमाणपत्र भिंतीवर लागतं. पण माल कुठे विकायचा, भाव किती लावायचा, वहीत नफा-तोटा कसा मांडायचा, हे किती जणींना येतं? कर्ज किंवा अनुदान जरूर घ्यावं. पण अट पटली नाही तर ‘नको’ म्हणता येईल, एवढी ताकद गटाच्या पेटीत आणि आपल्या हातात हवी. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की अर्धा तास या हिशेबासाठी ठेवा. वही मात्र दर वेळी एकाच ताईकडे नको, आळीपाळीने सगळ्यांच्या हातात जाऊ द्या.