निकाल उद्या रात्री

गाणं आज, निकाल उद्या. ही रीत आता इतकी अंगवळणी पडलीय की ती कधीकाळी नव्हती हे मुद्दाम आठवावं लागतं. १९९५ साली झी टीव्हीवर ‘सारेगम’ सुरू झालं. सोनू निगम तेव्हा कोवळा पोरगा, तोच सूत्रसंचालक. समोर गाण्यातली जाणती माणसं परीक्षक म्हणून बसायची. मुलं गायची, गुण पडायचे, आणि त्याच भागात कोण पुढे गेलं ते कळायचं. घरात बसलेल्या आपल्याला कुणी काही विचारत नव्हतं. आपण नुसतं ऐकायचं आणि परीक्षकांचं चुकलं असं वाटलं तर स्वयंपाकघरात एकमेकींना सांगायचं.

पण ऐकणाऱ्या बाईची किंमत तेव्हाही काही कमी नव्हती हं. संजय लीला भन्साळींच्या आई लीलाताई हा कार्यक्रम बघत होत्या. एक मुलगी गायला लागली तशी त्यांनी लेकाला हाक मारली, ये, ही ऐक म्हणून. ती मुलगी श्रेया घोषाल. २००२ च्या ‘देवदास’मध्ये ती गायली आणि पुढचं आपल्याला ठाऊकच आहे. घरातल्या एका बाईचं मत कुणाचं आयुष्य बदलू शकतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. तिथे फोन नव्हता, नंबर नव्हता, पैसेही कापले गेले नव्हते.

मग हा ‘उद्या’ आला कुठून? विलायतेतून. २००१ च्या शरदात ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर ‘पॉप आयडल’ लागलं. दिवस शनिवारचा. संध्याकाळी पोरांनी गायचं, मग मध्ये दुसराच कार्यक्रम, आणि रात्री पुन्हा थोडा वेळ निकालासाठी. मधली फट लोकांनी फोन करावेत म्हणून. फेब्रुवारी २००२ मध्ये अंतिम फेरी झाली तेव्हा ८७ लाखांच्या आसपास मतं पडली. म्हणजे मधला रिकामा वेळच खरा कमाईचा वेळ ठरला. गाण्यापेक्षा वाट बघण्याला जास्त भाव आला म्हणा ना!

हेच बी २००२ च्या जूनमध्ये अमेरिकेत फॉक्स वाहिनीने पेरलं, ‘अमेरिकन आयडल’ नावाने. जून का? तिकडे उन्हाळ्यात लोक बाहेर असतात, नेहमीच्या मालिका सुट्टीवर जातात, म्हणून ज्या मालाची खात्री नाही तो तेव्हा खपवून बघायचा. आपल्याकडे नवी चटणी आधी घरच्यांना खिलवून बघतो, पाहुण्यांना नाही, तसंच. चटणी जमली. सप्टेंबरात केली क्लार्कसन जिंकली, आणि पुढच्या वर्षी कार्यक्रम थेट जानेवारीत, भर हंगामात आला. तेव्हापासून मंगळवारी गाणं आणि बुधवारी निकाल अशी घडी बसली. एका संध्याकाळच्या दोन झाल्या. निकाल सांगायला लागतात दोन मिनिटं; बाकी वेळ जुनी दृश्यं, पाहुणा गायक, दिवे मंद करून थांबणं आणि ‘एका छोट्या विश्रांतीनंतर’. पण तेवढ्यासाठी लोक येत राहिले. सलग आठ हंगाम हा तिथला सर्वांत जास्त बघितला जाणारा कार्यक्रम होता. बाकीच्या वाहिन्या आपल्या चांगल्या मालिका त्याच्या वाटेतून बाजूला सरकवायच्या.

ब्रिटनमध्ये बीबीसीची नाचाची स्पर्धा आहे, ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’. तिचा निकाल २००७ पासून रविवारी दाखवतात. पण तो चित्रित होतो शनिवारी रात्रीच, नाच संपल्यावर थोड्या वेळाने. कोण घरी गेलं ते सभागृहातल्या शेकडो लोकांना कळलेलं असतं, आणि देश मात्र रविवारपर्यंत श्वास रोखून बसतो. उद्या नावाची गोष्ट कधीकधी कालच झालेली असते, बघा.

आता आपल्याकडे येऊ. इथे ही पद्धत आली त्याआधी आठवड्याची वाटणी होऊन गेली होती, आणि ती वाटणी झाली आपल्यावरूनच. ३ जुलै २००० ला स्टार प्लसवर रात्री नऊ वाजता ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं, आणि त्याच रात्री साडेदहाला ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’. सोमवार ते गुरुवार. बघता बघता ही चार रात्रींची वेळ सासू-सुनांच्या मालिकांनी बळकावली. कारखान्यात बसणाऱ्या लोकांनी हिशेब घातला होता : आठनंतर घरातल्या बाईचे हात थोडे मोकळे होतात, आणि घरी टीव्ही एकच असतो. साबण, तेल, मसाले विकायचे तर तिलाच गाठायला हवं. आमच्यासारख्या दिवेलागणीच्या आधी जेवणं उरकणाऱ्या घरांत तर साडेआठला भांडीसुद्धा पालथी पडलेली असायची! आमच्याकडच्या बायका मालिकेची सुरुवात कधी चुकवत नसत, याचं गुपित एवढंच.

तेव्हा गाण्याच्या स्पर्धेला जागा उरली आठवड्याच्या शेवटाला. ‘इंडियन आयडल’ सोनीवर २८ ऑक्टोबर २००४ ला सुरू झालं, तो गुरुवार होता. ५ मार्च २००५ ला अभिजीत सावंत जिंकला, तो शनिवार. पुढच्या वर्षांत अशा बहुतेक हिंदी स्पर्धा शुक्रवार ते रविवार या पट्ट्यात स्थिरावल्या. शनिवार-रविवारी तेव्हा मालिका नसायची, पुरुष घरी, मुलं घरी, रिमोट एकीच्या हातात राहत नाही. म्हणून असा कार्यक्रम हवा की आजोबांना जुनं गाणं मिळावं, पोरांना आवडता स्पर्धक मिळावा, आणि बाईने तिथून उठून जाऊ नये. गाणं हेच त्याला उत्तर होतं. मला हे वाईट वाटत नाही. घरातली सगळी माणसं एका गाण्याभोवती बसतात, ही गोष्ट कुणाच्याही नफ्यासाठी घडली तरी चांगलीच.

मात्र एक गोष्ट पूर्वी फारशी कुणी बोलली नाही. कुठला कार्यक्रम किती बघितला जातो हे मोजायला काही घरांत यंत्रं बसवलेली असतात. त्या काळी ती यंत्रं प्रामुख्याने एक लाखाच्या वर वस्तीच्या शहरांत होती. खेडी त्या मोजणीत आली ती २०१५ साली, नवी संस्था ‘बार्क’ आल्यावर. म्हणजे इतकी वर्षं वेळापत्रक ठरत होतं ते शहरातल्या बाईच्या सवयीवरून. खेड्यातली बाई बघत होती, पण हिशेबात नव्हती.

एसएमएसने हे चित्र उलटं केलं. २००७ चं ‘इंडियन आयडल’ आठवतं? अंतिम फेरीत दोघे, दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल. तमांग कोलकाता पोलिसांत शिपाई होता. त्याच्यासाठी डोंगरातल्या गावांनी वर्गणी काढली, टेलिफोनच्या बूथवर रांगा लावल्या, लोक रात्रभर मतं पाठवत बसले. ज्या वस्त्यांत मोजणीचं यंत्र कधी पोचलं नव्हतं, त्यांनी स्वतःला मोजून घेतलं. पण फुकट नाही. मताचा एसएमएस साध्या एसएमएसपेक्षा महाग असायचा, आणि त्या पैशात फोन कंपनी आणि वाहिनी वाटेकरी. ज्या गावाकडे पैसे कमी, त्याने जास्त खर्च केला. परीक्षकांनी गुण द्यावेत की लोकांनी मतं, यावर लोक अजून भांडतात. मला त्या वर्गणीचं काय ते विचारावंसं वाटतं.

त्या अंतिम फेरीची तारीखही गमतीची आहे. २३ सप्टेंबर, रविवार. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, जोहान्सबर्गला ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, भारत विरुद्ध पाकिस्तान. हे दोन्ही एका रात्री येते तर डोंगराबाहेर तमांगकडे कुणी बघितलं असतं का, काय की.

मराठीत गाडी थोडी वेगळ्या रुळावरून गेली. झी मराठीने बराच काळ आठवड्याच्या मधल्या रात्री, साडेनऊच्या सुमाराला, मालिकांच्या ओळीत गाणं-नाच-विनोद बसवला. त्यामुळे ‘लिटिल चॅम्प्स’ आपल्या घरात पाहुण्यासारखं नाही, रोजच्या माणसासारखं आलं. २००९ च्या फेब्रुवारीत कार्तिकी गायकवाड जिंकली, तोवर त्या पाच मुलांची नावं आपल्या भाच्या-पुतण्यांसारखी तोंडी बसली होती. आणि आम्हां सीमाभागातल्या बायकांची चैन बघा! शनिवार-रविवारी साडेसातला झी कन्नडवर कानडी ‘सारेगमप’, आठवड्यात मराठी. शेजारच्या काकू कानडी, आम्ही मराठी, आणि चांगला सूर लागला की भिंतीपलीकडून दोन्हीकडे ‘आहाहा’. हैदराबादच्या आपल्या मैत्रिणींना तर एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचं तेलुगू ‘पाडुता तीयगा’ १९९६ पासून मिळालं. तिथे एसपी स्वतः बसून मुलाला समजावत, चुकलं कुठे, श्वास कुठे घ्यायचा. निकालाचा बाऊ नाही. माझं मत विचाराल तर या सगळ्यांत तीच शाळा खरी.

मुलांचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. साडेनऊला आपण जे बघतो ते त्या रात्री घडत नसतं. सेट, दिवे, वादक यांचा खर्च मोठा, म्हणून एकेका दिवसात दोन-दोन भाग उरकतात. मोठा माणूस जागतो; आठ वर्षांच्या पोराने मेकअप करून किती तास बसायचं? याला कायद्याने हद्द घातली ती २०१७ च्या नियमांत : कामात घेतलेल्या मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि कमाईतला निदान पाचवा हिस्सा मुलाच्या नावे बँकेत. ‘लिटिल चॅम्प्स’चा गाजावाजा होऊन तोवर आठ वर्षं झाली होती. नातवंडाला ऑडिशनला नेणार असाल तर हे चार आकडे पदराला बांधून न्या, आणि विचारा की हो तिथे, घाबरायचं काय त्यात!

आणि शेवटी वेळापत्रकाने स्वतःचाच विक्रम मोडला. २०२१ मध्ये करोनामुळे महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं तेव्हा ‘इंडियन आयडल’चा सगळा बाडबिस्तरा दमणला गेला. हंगाम लांबत लांबत १५ ऑगस्टवर आला. त्या दिवशी अंतिम फेरी दुपारी बाराला सुरू झाली आणि मध्यरात्री बाराला संपली. बारा तास. आज-उद्या हा भेदच उरला नाही. आमच्या गल्लीत त्या रविवारी सकाळीच दोन्ही वेळचा स्वयंपाक उरकून ठेवला होता अनेकींनी. कल्याणची सायली कांबळे शेवटच्या सहांत होती, तिच्यासाठी. पवनदीप राजनचं नाव पुकारलं गेलं तेव्हा घरातली लहान-मोठी सगळी केव्हाच झोपी गेली होती, आणि टीव्हीचा आवाज बारीक करून जाग्या होत्या त्या बायकाच.